देवरे मास्तरांचे चार पॉईंट

देवरे मास्तरांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो आणि चहाचा कप मेन लाईनवर ठेवला.

माझी बाजू एवढीच, की दार उघडल्या उघडल्या समोर एक भलंमोठं टेबल होतं, आणि टेबल असलं की त्यावर कप ठेवायचा असतो, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. नाशिक रोडच्या त्या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि पाण्याच्या टाकीच्या वेळा विचारायला मी समोरचं दार ठोठावलं होतं. मास्तरांनी आत घेतलं, चहा दिला. मी टाकी, तिचा व्हॉल्व्ह आणि सोसायटीचे सेक्रेटरी या तिन्ही विषयांवर मनसोक्त बोललो. टेबलावर खेळण्यातले रूळ आहेत, एक बुटकं स्टेशन आहे, टोकाला एक काळं इंजिन तीन डबे घेऊन उभं आहे, हे सगळं मला दिसत होतं. आपला कप नेमका रुळांवर आहे, तेवढं दिसत नव्हतं. मास्तर माझ्याकडे बघत, मग इंजिनाकडे बघत, मग परत माझ्याकडे. शेवटी मीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, की ही गाडी का उभी आहे.

"लाईन ब्लॉक आहे," मास्तर म्हणाले.

कशाने, असं विचारल्यावर शांतपणे म्हणाले, "चहाने."

मी खजील होऊन कप उचलला. आधीच सांगायचं की हो, असं म्हटलं. तर त्यांचं म्हणणं, पाहुण्याला कप उचल म्हणणं बरं दिसत नाही आणि अडथळा असताना गाडी सोडता येत नाही. दोन्ही नियमच. दोन नियम आडवे आले की थांबायचं. कप उचलल्यावर त्यांनी रुळांवर पडलेला चहाचा थेंब धोतराच्या जुन्या फडक्याने पुसला आणि मगच गाडी सोडली.

हे नव्वदच्या दशकातलं. मास्तर म्हणजे स्टेशनमास्तर. मूळ सटाण्याकडचे. नोकरी सगळी नांदगावच्या पुढे-मागे, जिथे एक्सप्रेस थांबत नाही आणि पॅसेंजर थांबली तरी कोणी उतरत नाही, अशा लहान लहान स्टेशनांवर झालेली. निवृत्त होऊन नाशिक रोडला फ्लॅट घेतला आणि वर्षभरात बायको गेली. मुलगा किशोर हैदराबादला औषधांच्या कंपनीत. मग मास्तरांनी पुढच्या खोलीतला सोफा देऊन टाकला आणि तिथे हे टेबल उभं केलं. रूळ आणि डबे किशोरने कुठून कुठून आणून दिलेले. काळं इंजिन मात्र मास्तरांनी पितळी पत्रा कापून, डाग देऊन स्वतः केलेलं. चाकं आणि मोटर तेवढी विकतची. स्टेशनला पाटी होती, पण पाटीवर नाव नव्हतं. विचारलं तर म्हणत, "नाव लिहिलं, की बदलीची ऑर्डर येते."

गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते त्या जागेला मराठीत सांधा म्हणतात. पण रेल्वेत हयात काढलेला माणूस पॉईंटच म्हणतो. मास्तरांच्या टेबलावर प्रत्येक पॉईंटला वेगळा लिव्हर होता. सायकलच्या ब्रेकचे दांडे टेबलाच्या कडेला ओळीने बसवलेले आणि ब्रेकच्याच वायरी टेबलाखालून पॉईंटपर्यंत नेलेल्या. रोज संध्याकाळी दिवेलागणीला दोन गाड्यांचं क्रॉसिंग व्हायचं. एक्सप्रेस दोन नंबरच्या लाईनीत घ्यायची, समोरून पॅसेंजर एक नंबरने काढायची, मग एक्सप्रेस सोडायची. एक्सप्रेस दोन नंबरला घ्यायची तर चार पॉईंट बरोबर लागले पाहिजेत. मास्तर एकेक दांडा ओढत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "तीन, उलटा." मग कंबरेत वाकून पॉईंटच्या पात्या बघत आणि म्हणत, "तीन, लागला." मग पुढचा. खोलीत ऐकायला कोणी असो वा नसो. मी एकदा म्हटलं, दांडा ओढला म्हणजे पॉईंट लागलाच की, वाकून काय बघायचं. तर म्हणाले, "लागला असं हात म्हणतो. डोळा म्हणेल तेव्हा लागला."

चारातला एकही चुकला तर गाडी मालधक्क्याच्या फाट्यावर जायची. तो फाटा टेबलाच्या कडेपाशी संपत होता. पुढे आगपेटीच्या काड्यांचा एक अडसर, आणि त्याच्याही पुढे खाली शहाबादी फरशी.

मी सातपूरच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनेल बनवायच्या खात्यात होतो. हातात स्क्रू ड्रायव्हर असला, की समोरच्या वस्तूत काहीतरी सुधारणा केलीच पाहिजे असा माझा स्वभाव. आमच्या घरातला मिक्सर आणि इस्त्री या स्वभावाला बळी पडलेले आहेत. मास्तरांना मी किती वर्षं सांगत होतो, की ते दांडे काढा, मी सर्वो बसवून देतो. सर्वो म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या खेळण्यातल्या विमानाचा पंख हलवणारी, आगपेटीएवढी मोटर. चार पॉईंटना चार सर्वो, आणि चौघांना मिळून एक नॉब. नॉब 'दोन नंबर'वर फिरवला, की चारही पॉईंट आपापले लागतील. ओढणं नको, वाकणं नको. मास्तर दर वेळी ऐकून घेत आणि एकच उत्तर देत.

"एका हाकेत चौघांना बोलावलं, इंजिनियर, तर चौघंही म्हणतात, दुसरा गेला असेल."

मी डिप्लोमावाला, इंजिनियर म्हणणारे जगात ते एकटेच, आणि तेही चिमटा काढायचा असला तरच.

मग एका रविवारी मास्तर स्वतः आमच्या दारात आले. मी पेपर वाचत होतो. चप्पल न काढता उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, तो तुझा एक नॉब बसवून दे. किती दिवस लागतील. दिवाळीच्या आत हवा.

मला आकाश ठेंगणं झालं. ते गेल्यावर शोभाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, मी सांगितलं की अखेर विज्ञानाचा विजय झाला. ती भाजी निवडत होती. तिने विचारलं, इतकी वर्षं नको म्हणणारा माणूस आजच का हो म्हणाला. मी म्हटलं, कंबर दुखत असेल. ती म्हणाली, मास्तरांनी परवा माझी वाटी परत आणून दिली, ती त्यांचीच होती. काल परत एक आणली, तीही त्यांचीच. आता त्यांच्या दोन वाट्या आपल्याकडे आहेत आणि आपली अजून तिकडेच आहे. मी हसलो. ती हसली नाही. महिन्यापूर्वी त्यांच्या घरातून गॅसचा वास आला होता, तेव्हा धावत जाऊन कॉक हिनेच बंद केला होता. दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि मास्तर आत पेपर वाचत बसले होते. होतं असं कोणाचंही, असं मी तेव्हाही म्हणालो होतो.

कामाला लागलो त्या पहिल्याच संध्याकाळी मी टेबलाखाली उताणा पडलो होतो. वायरींना खुणा करायच्या म्हणून खालूनच ओरडून विचारलं, की मास्तर, दोन नंबरला कुठकुठले पॉईंट उलटे आणि कुठले सुलटे. वरून उत्तर आलं नाही. मी परत विचारलं. मग त्यांनी आकडे सांगितले. मी रेघा मारता मारता थबकलो. सांगितल्याप्रमाणे लावलं तर गाडी दोन नंबरला जात नव्हती. मालधक्क्याला जात होती.

मी बाहेर आलो. मास्तर दांड्यांच्या रांगेसमोर उभे होते आणि एका दांड्यावर हात ठेवून त्याच्याकडे असे बघत होते, जसं आपण ओळखीच्या चेहऱ्याकडे नाव आठवेपर्यंत बघतो. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं, की मला कळलं आहे. ते खुर्चीवर बसले. मग जे काही होतं ते त्यांनी एका दमात सांगितलं, जणू पुढच्या स्टेशनला गाडी सुटल्याची खबर देताहेत. गॅसची गोष्ट कोणीतरी किशोरला फोनवर सांगितली होती. किशोर दिवाळीनंतर आठवडाभर राहायला येणार होता. त्याने स्वच्छ सांगितलं होतं, की बाबा ठीक दिसले तर मी एक शब्द बोलणार नाही, आणि नाही दिसले तर फ्लॅट बंद करून त्यांना हैदराबादला घेऊन जाईन. किशोर स्टेशनच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. तो दुसरं काही बघणार नाही, क्रॉसिंग बघेल. क्रॉसिंगमध्ये बाप चुकला, की त्याला पुढे काही विचारायची गरज नाही.

"चार आकडे डोक्यात राहत नाहीत आता," मास्तर म्हणाले. "एक राहील. तू एक करून दे."

आता सांगायला हरकत नाही, मला त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही. हैदराबाद म्हणजे काय, तिथे चौथ्या मजल्यावर, तेलुगू बोलणाऱ्या लोकांत हा माणूस दिवसभर काय करेल, एवढंच डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, करतो.

सर्वो मुंबईहून मागवले. कंपनीतून आलो, की हातपाय धुऊन समोरच्या घरात. शोभा म्हणायची, मला वाटायचं लग्न माझ्याशी झालंय. काम सोपं असेल असा माझा अंदाज होता, आणि माझ्या अंदाजांचा आमच्या घरात जो लौकिक आहे त्याला तो जागला. पहिल्यांदा नॉब फिरवला तेव्हा तीन पॉईंट एका बाजूला गेले आणि चौथा बरोबर उलट्या; तो सर्वो मी पालथा बसवला होता. इंजिनाची पुढची चाकं एका रुळावर आणि मागची दुसऱ्या रुळावर गेली. मास्तर बघून म्हणाले, "हे जमायला आम्हाला संप करावा लागायचा."

तो सरळ केला. पण खरी भानगड निराळी होती. तेव्हा नाशिकला लोडशेडिंग होतं. लाईट ठरलेल्या वेळी जायची आणि न ठरलेल्या वेळीही जायची. परत आली, की चारही सर्वो एकदम झटका खात, झोपेतून दचकून उठल्यासारखे, आणि त्या झटक्यात एखाद्या पॉईंटची पाती अडकून मध्येच राही. ना इकडे, ना तिकडे. मी कंडेन्सर बदलले, वायरी बदलल्या. झटका कमी झाला, गेला नाही. उपाय एकच उरला होता. लाईट आली की आधी गाडीचा रेग्युलेटर शून्यावर आणायचा, मग नॉब पूर्ण मागे न्यायचा, परत पुढे आणायचा, मग डोळ्याने बघायचं. एवढं केलं की चारही सरळ बसत.

हे मास्तरांच्या डोक्यात बसवणं हे माझं पुढचं काम झालं. मी मुद्दाम भिंतीवरचं बटण बंद करायचो, परत चालू करायचो आणि त्यांच्या हाताकडे बघत राहायचो. बहुतेक वेळा हात बरोबर जायचा. रेग्युलेटर, मागे, पुढे, डोळा. एखाद्या वेळी मात्र हात नॉबच्या वर हवेत तसाच थांबायचा आणि मास्तर माझ्याकडे बघायचे. त्यांच्या तोंडून अशा वेळी मराठी निघून जायची आणि सटाण्याची बोली यायची. "माले याद नही," म्हणायचे. मला आठवत नाही. मग खाली बघून हसायचे. मी म्हणायचो, पुन्हा एकदा. ते म्हणायचे, पुन्हा एकदा.

किशोर आला. माझ्याच वयाचा, पण केस माझ्याहून जास्त गेलेले. मला वाटलं होतं पोलीस येईल. आला तो मुलगाच होता. येताना बापासाठी लोकरीचे मोजे आणि माझ्यासाठी बिस्किटांचा डबा घेऊन आला. पहिले दोन-तीन दिवस तो काही विचारत नव्हता, नुसता बघत होता, आणि तेच जास्त वाईट होतं. बाजारात बरोबर जायचा. स्वयंपाकघरात पाणी प्यायला म्हणून जायचा आणि गॅसकडे बघून यायचा. मास्तर सावध होते. वार विचारला तर म्हणत, निवृत्त माणसाला सगळे रविवार. शेजारच्या बाईंचं नाव आठवलं नाही तर म्हणत, बाईमाणसाचं नाव घेऊन हाक मारायची आपली पद्धत नाही. मी दारातून ये-जा करताना दोघांच्या चेहऱ्यांकडे बघायचो आणि घरी येऊन जेवण अर्धं टाकून उठायचो. शोभा म्हणाली, परीक्षा त्यांची आहे, वजन तुमचं उतरतंय.

शेवटी एका संध्याकाळी किशोर म्हणाला, बाबा, क्रॉसिंग दाखवा. मला बोलावणं आलं. शोभाही आली आणि दाराशी उभी राहिली.

मास्तरांनी स्वच्छ शर्ट घातला होता. किशोर भिंतीला टेकून उभा. त्याने दांड्यांची जागा रिकामी बघितली, नॉब बघितला, विचारलं, हे काय. मास्तर म्हणाले, इंजिनियरची करामत. मग नॉब 'दोन नंबर'वर फिरवला. खालून चार सर्वोंचा बारीक घुर्र आवाज आला. मास्तर वाकले, चारही पॉईंट डोळ्याने बघितले. "दोन नंबर, लागला." एक्सप्रेस आली, डौलात दोन नंबरला शिरली, थांबली. समोरून पॅसेंजर आली, एक नंबरने निघून गेली. एक्सप्रेस सुटली आणि टेबलाला वळसा घालून गेली. किशोरचा चेहरा सैल झाला होता. तो मला म्हणाला, दिलीपराव, फोनवर लोक काय काय सांगतात, मी उगाच घाबरलो. मग बापाला म्हणाला, एक्सप्रेस परत एकदा घ्या ना दोन नंबरला, मला ते शिरताना बघायला आवडतं.

मास्तरांनी नॉब लावलेलाच होता. एक्सप्रेस पलीकडच्या वळणावर आली, आणि लाईट गेली.

अजून बाहेर उजेड होता, खिडकीतून आत येत होता. गाडी जागच्या जागी उभी. किशोर हसून म्हणाला, नाशिकचं हे काही बदललं नाही. मी मास्तरांच्या उजव्या हाताकडे बघत होतो. तो रेग्युलेटरवर नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की शून्यावर आणा, आत्ताच आणा. पण सांगितलं तर सगळंच सांगितल्यासारखं होतं. मी दोन पावलं पुढे सरकलो. किशोर माझ्याकडे बघायला लागला, तसा तिथेच थांबलो.

लाईट आली. टेबलाखाली चारही सर्वो दचकले. रेग्युलेटर चढवलेलाच होता, त्यामुळे एक्सप्रेस आपोआप चालू लागली. पहिल्या पॉईंटची पाती मध्येच अडकलेली मला उभ्या जागेवरून दिसत होती. गाडी वळणावरून सरळ रुळावर आली. मास्तरांचा हात नॉबवर गेला आणि वरच थांबला. मग रेग्युलेटरकडे गेला, परत नॉबकडे आला. ओठ हलत होते. गाडी पॉईंटकडे येत होती.

मास्तरांनी दोन्ही हात डोक्यावर सरळ वर केले.

रेल्वेत झेंडी नसेल, कंदील नसेल, तर धोक्याची खूण हीच. दोन्ही हात वर, म्हणजे गाडी थांबव. त्या पितळी इंजिनात थांबवायला कोणी नव्हतं. पण खोलीत स्टेशनच्या क्वार्टरमध्ये वाढलेला एक माणूस होता. किशोरने विचार केला असेल असं मला वाटत नाही. त्याचा हात मागे गेला आणि त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं. इंजिन पॉईंटच्या जरा अलीकडे थांबलं.

मग मी बोलायला सुरुवात केली. दोष माझ्या सर्किटचा आहे, लाईट आली की सर्वो झटका खातात, कंडेन्सर कमी पडला, असा जुना माल मी वापरायला नको होता. मी भराभर बोलत होतो, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. किशोर मान हलवत होता. त्याला पटत होतं, कदाचित पटवून घ्यायचं होतं. म्हणाला, बरोबर आहे, मशीन आहे शेवटी. दार उघडं होतं. मास्तरांनी नुसती मान डोलवली असती, तरी त्यातून बाहेर पडले असते.

त्यांनी हात खाली घेतले. म्हणाले, "सर्किटचा दोष नाही. लाईट आल्यावर काय करायचं ते इंजिनियरने मला पन्नास वेळा शिकवलंय. माले याद नही."

किशोरला बोली कळत होती. तो भिंतीपासून दूर झाला आणि बाबा, बसा, असं काहीतरी म्हणाला. मास्तर बसले नाहीत.

"किशोर, चार्ज घे."

ड्युटीवरचा स्टेशनमास्तर स्टेशन सोडून असाच उठून जात नाही. पुढच्या माणसाला समोर उभं करून कुठली लाईन मोकळी, कुठल्या लाईनीवर काय उभं आहे, काय बिघडलंय, हे तोंडाने सांगतो आणि पुढचा माणूस ते परत म्हणून दाखवतो. मग चार्ज गेला. किशोर म्हणत होता, आत्ता नको बाबा, जेवल्यावर बोलू. मास्तर त्याच्याकडे नुसते बघत राहिले. मग तो सरळ उभा राहिला.

मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. एक नंबर मोकळी. एक्सप्रेस पॉईंटच्या अलीकडे उभी, पॉईंट लागलेला नाही. मग आवाज न बदलता म्हणाले, गॅसचा कॉक निजायच्या आधी बंद करतो, पण केला की नाही ते नंतर आठवत नाही. ब्लडप्रेशरची गोळी कधी दोनदा होते, कधी होत नाही. मागे एकदा बाजारातून येताना जेल रोडला कुठे वळायचं ते समजेना. फुटपाथवर बसून राहिलो. फुलं विकणाऱ्या एका बाईने टोपली शेजारणीकडे ठेवली आणि घरापर्यंत आणून सोडलं.

हे मला माहीत नव्हतं. मी शोभाकडे बघितलं. तिलाही माहीत नव्हतं.

"म्हण," मास्तर म्हणाले.

किशोर म्हणू लागला. एक नंबर मोकळी. एक्सप्रेस पॉईंटच्या अलीकडे. गॅसचा कॉक. गोळी. फुलवाल्या बाईपाशी आल्यावर त्याने खिडकीकडे तोंड केलं. मास्तर थांबले. घाई केली नाही, पण सोडूनही दिलं नाही.

"पुढे."

किशोरने ते वाक्य पुरं केलं. मग म्हणाला, "चार्ज घेतला." मास्तर खुर्चीवर बसले, चष्मा काढून शर्टाला पुसला आणि शोभाला म्हणाले, वहिनी, चहा तुमच्याकडचा चालेल आज.

आठवड्याच्या आत हैदराबादला जायचं ठरलं. टेबल सुटं करून, रूळ वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरले. माझे सर्वो मास्तरांनी स्वतः बसून काढून दिले, स्क्रूसकट. तुझं सामान तुझ्या ताब्यात, म्हणाले. तोपर्यंत त्यांनी मला दोनदा किशोर म्हणून हाक मारली होती, आणि मी दोन्ही वेळा ओ दिली होती.

आम्ही दोघं नाशिक रोड स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडीला वेळ होता. मास्तर फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले, सिग्नलकडे बघत उभे राहिले, परत आले. गाडी आल्यावर खिडकीशी बसले आणि मला जवळ बोलावलं. म्हणाले, "नॉब चांगला होता, इंजिनियर. फिरवणारा अनफिट निघाला." गाडी हलल्यावर त्यांनी हात केला नाही. रेल्वेची माणसं चालत्या गाडीतून हात बाहेर काढत नाहीत.

परतताना रिक्षा मिळेना, म्हणून आम्ही चालतच निघालो. गप्प राहणं मला जमत नाही. शेवटी बोललोच. म्हटलं, सर्वोंना आणि रेग्युलेटरला एक जुनी स्कूटरची बॅटरी जोडली असती, तर लाईट गेल्याचं कोणाला कळलंही नसतं. गाडी सरळ दोन नंबरला शिरली असती. किशोर एकटाच परत गेला असता आणि मास्तर आज त्यांच्या घरी असते. एवढी साधी बॅटरी मला तेव्हा सुचली नाही.

शोभा पदर खांद्यावर घेत म्हणाली, "लोडशेडिंगचं मी आजवर कधी भलं चिंतलं नाही. पण त्या दिवशी लाईट गेली, ते बरं झालं."